विश्लेषण : नागपूरचे सेनासाहेब सुभा, बंगालचे ‘बर्गी’, तलवारीमुळे चर्चेत आलेले रघुजी भोसले कोण होते?

लंडनमधील सदबीज या लिलावगृहातून महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये एक तलवार विकत घेतली आणि नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांचे नाव पुन्हा चर्चेत आले. महाराष्ट्रात त्यांची ओळख मराठा राज्याची सीमा थेट बंगालपर्यंत नेणारा सेनानी अशी आहे. बंगालमध्ये मात्र त्यांच्याच फौजेच्या आठवणीने आजही आया लहान मुलांना झोपवतात. एकाच माणसाच्या या दोन टोकाच्या ओळखी कशा तयार झाल्या? ‘बर्गी’ हा शब्द आला कुठून? आणि वारसा म्हणून परत आणलेल्या वस्तूकडे कसे पाहायचे? जाणून घेऊ.

तलवारीचे प्रकरण नेमके काय?

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये या तलवारीचा लिलाव झाला. राज्य सरकारने मध्यस्थामार्फत बोली लावून ती मिळवली. वाहतूक, विमा आणि इतर खर्च धरून या व्यवहारासाठी ४७ लाख १५ हजार रुपये लागल्याचे सरकारने जाहीर केले. ऑगस्टमध्ये सांस्कृतिक कार्यमंत्री आशिष शेलार यांनी लंडनला जाऊन तलवार ताब्यात घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईत पोहोचली.

ही तलवार ‘फिरंग’ प्रकारातील आहे. युरोपीय बनावटीचे सरळ पाते आणि त्याला भारतीय पद्धतीची मूठ, अशी तिची रचना असते. युरोपीय पात्यांना त्या काळी मराठा सरदारांमध्ये चांगली मागणी होती. या तलवारीच्या पात्यावर देवनागरीत रघुजी भोसले यांचे नाव आणि सेनासाहेब सुभा हा त्यांचा किताब कोरलेला आहे. त्यामुळे ती कोणाची, हा प्रश्न उरत नाही.

तलवार घरी आली, ही महाराष्ट्रासाठी आनंदाचीच गोष्ट. पण ज्या मोहिमांमुळे रघुजींचे नाव झाले, त्यातली सर्वात मोठी मोहीम बंगालवरची होती. तिचा हिशेब दोन्ही बाजूंनी वेगवेगळा मांडला जातो. म्हणून आधी माणूस समजून घ्यायला हवा.

रघुजी भोसले कोण होते?

आडनाव एकच असले तरी नागपूरकर भोसले आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे घराणे या वेगळ्या शाखा. नागपूरकरांचे मूळ गाव आजच्या पुणे जिल्ह्यातले हिंगणी, म्हणून त्यांना हिंगणीकर भोसले असेही म्हणतात. या घराण्यातील परसोजी भोसले यांनी मोगलांच्या कैदेतून सुटून आलेल्या शाहू महाराजांची बाजू सुरुवातीलाच घेतली. त्याबद्दल त्यांना सेनासाहेब सुभा हा किताब आणि वऱ्हाडाचा मुलूख मिळाला. परसोजींनंतर हा मान त्यांचे पुत्र कान्होजी यांच्याकडे आला.

रघुजी हे याच भाऊबंदकीतले. त्यांच्या वडिलांचे नाव बिंबाजी. कान्होजींना बराच काळ मूल नव्हते, त्यामुळे रघुजी त्यांच्याकडे मुलासारखे वाढले. पुढे कान्होजींना पुत्र झाला आणि घरातली गणिते बदलली. तरुण रघुजी बाहेर पडले. काही काळ देवगडच्या गोंड राजाकडे चाकरी करून ते साताऱ्याला शाहू महाराजांच्या दरबारात पोहोचले. शिकारीत वाघापासून महाराजांचा जीव वाचवल्याची कथा त्यांच्याबद्दल सांगितली जाते. महाराजांची मर्जी बसली, हे मात्र निश्चित. राणीच्या माहेरच्या शिर्के घराण्यात रघुजींचे लग्न झाले आणि छत्रपतींशी थेट नाते जुळले.

दरम्यान कान्होजींचे साताऱ्याशी बिनसले. १७३० च्या सुमारास त्यांच्यावर फौज पाठवायचे ठरले, तेव्हा ती जबाबदारी रघुजींवर आली. ज्यांनी वाढवले त्यांनाच पकडून रघुजींनी साताऱ्याला रवाना केले. कान्होजींचा शेवट कैदेत झाला. सेनासाहेब सुभा हा किताब रघुजींकडे आला. पुढच्या २५ वर्षांत दिसणारे त्यांचे दोन गुण इथेच दिसतात. छत्रपतींवरची निष्ठा त्यांनी सोडली नाही आणि संधी आली की नात्यागोत्याचा विचार केला नाही.

नागपूर भोसल्यांकडे कसे आले?

नागपूर शहर वसवले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहने. त्याचा वारस चांद सुलतान वारल्यावर गादीसाठी भांडण लागले. वली शाह याने सत्ता बळकावली, तेव्हा चांद सुलतानच्या विधवा राणीने रघुजींना मदतीला बोलावले. रघुजींनी वली शाहचा पराभव करून राणीच्या मुलांना गादीवर बसवले आणि मोबदल्यात मोठी रक्कम व मुलूख घेतला.

काही वर्षांनी हे दोन भाऊ एकमेकांविरुद्ध उठले आणि रघुजींना पुन्हा बोलावणे आले. या वेळी ते परत गेले नाहीत. बुऱ्हाण शाह या गोंड राजपुत्राचा राजा हा मान त्यांनी कायम ठेवला, त्याला नेमणूक बांधून दिली आणि कारभार स्वतःकडे घेतला. १७४३ च्या सुमारास नागपूर भोसल्यांची राजधानी झाली. गोंड राजाला नावापुरता मान आणि भोसल्यांकडे प्रत्यक्ष सत्ता, ही व्यवस्था पुढे बराच काळ टिकली. त्यामुळे नागपूरच्या इतिहासात गोंड आणि मराठा असे दोन वारसे एकावर एक रचलेले दिसतात. शहराच्या वारशाची गोष्ट सांगताना यातला पहिला थर अनेकदा गाळला जातो.

बंगालआधी दक्षिणेत काय घडले?

१७४० मध्ये शाहू महाराजांनी रघुजींना कर्नाटकच्या मोहिमेवर पाठवले. अर्काटचा नवाब दोस्त अली मे महिन्यात दामलचेरीच्या खिंडीतील लढाईत मारला गेला. त्यानंतर मराठा फौजेने तिरुचिरापल्लीला वेढा दिला. मार्च १७४१ मध्ये किल्ला पडला आणि दोस्त अलीचा जावई चंदा साहेब रघुजींच्या हाती लागला. त्याला कैद करून महाराष्ट्रात आणण्यात आले आणि तो काही वर्षे कैदेत होता. हाच चंदा साहेब पुढे सुटल्यावर इंग्रज आणि फ्रेंच यांच्या दक्षिणेतील संघर्षात फ्रेंचांचा उमेदवार ठरला.

या मोहिमेने रघुजींचे वजन वाढले. तिरुचिरापल्लीपासून नागपूर आणि नागपूरपासून मुर्शिदाबाद, ही अंतरे नकाशावर मोजली तर त्या काळच्या घोडदळाचा आवाका लक्षात येतो. सोबत जड तोफखाना नाही, मागून येणारा रसदीचा काफिलाही फारसा नाही. ज्या मुलखातून जायचे, त्या मुलखावरच जगायचे. वेगाचे रहस्य हेच होते. बंगालच्या गावांना त्याची किंमत मोजावी लागली.

रघुजींनी बंगालवर फौज का पाठवली?

याचे मुख्य कारण पैसा, म्हणजेच चौथाई. एखाद्या प्रांताच्या महसुलाचा चौथा हिस्सा मराठ्यांना द्यायचा, म्हणजे त्या प्रांतावर स्वारी होणार नाही, अशी ही व्यवस्था. बंगाल, बिहार आणि ओडिशा हा त्या काळातील अत्यंत संपन्न सुभा होता. रेशीम, सुती कापड आणि भात यांवर उभी असलेली बाजारपेठ तिथे होती. या सुभ्याच्या चौथाईवर रघुजींनी हक्क सांगितला.

दुसरे कारण बंगालच्या आतले होते. १७४० मध्ये अलीवर्दी खानाने नवाब सर्फराज खानाला लढाईत ठार करून मुर्शिदाबादची गादी मिळवली. सर्फराजच्या बाजूचे सरदार नाराज होते. ओडिशातील मीर हबीब हा इराणी वंशाचा मुत्सद्दी त्यांपैकीच. अलीवर्दीने १७४१ मध्ये ओडिशा जिंकल्यावर याच गटाने रघुजींकडे मदत मागितली. पुढची दहा वर्षे मीर हबीब मराठ्यांच्या बाजूने बंगालमध्ये लढत होता. वाटा, नद्यांचे उतार आणि सावकारांची घरे त्याला माहीत होती.

म्हणजे ही लढाई मराठी विरुद्ध बंगाली, किंवा हिंदू विरुद्ध मुस्लीम अशी सरळ नव्हती. आज समाजमाध्यमांवर या दोन्ही पद्धतींनी ती सांगितली जाते. कागदपत्रांत दिसते ती महसुलासाठी आणि गादीसाठी चाललेली, दोन्हीकडे मिश्र फौजा असलेली लढाई.

१७४२ मध्ये बंगालमध्ये काय घडले?

रघुजींनी आपले दिवाण भास्करराम कोल्हटकर यांना पाठवले. बंगालमध्ये त्यांना भास्कर पंडित म्हणून ओळखतात. वाटेत छत्तीसगडमधील रतनपूर ताब्यात घेऊन एप्रिल १७४२ मध्ये ही फौज बर्दवानजवळ पोहोचली. ओडिशाहून परतणारा अलीवर्दी तिथे बेसावध सापडला. त्याची रसद तोडली गेली आणि लढत लढत, उपासमार सोसत तो काटव्यापर्यंत मागे हटला.

मे महिन्यात मराठा घोडदळाची एक तुकडी अलीवर्दीच्या आधी मुर्शिदाबादला पोहोचली. राजधानीचा परिसर लुटला गेला. त्यात जगत सेठ या देशातील बड्या सावकाराची पेढीही होती. त्यानंतर हुगळी मराठ्यांकडे आली आणि भागीरथीच्या पश्चिमेचा मोठा प्रदेश काही महिने त्यांच्या ताब्यात राहिला.

या काळात गावांचे काय झाले, हे गंगाराम नावाच्या बंगाली कवीने लिहून ठेवले आहे. त्याच्या काव्याचे नाव ‘महाराष्ट्र पुराण’ आणि ते १७५१ च्या सुमाराचे, म्हणजे घटना ताज्या असतानाचे. घरे जाळणे, पैशासाठी लोकांचा छळ, स्त्रियांवरील अत्याचार आणि डोक्यावर सामान घेऊन गावेच्या गावे नदीपलीकडे पळून जाणे, याचे वर्णन त्यात आहे. त्यात पळणाऱ्यांमध्ये ब्राह्मण आहेत, विणकर आहेत, सोनार आहेत, शेतकरी आहेत, शेख आणि सय्यदही आहेत. सुरुवातीला कवी मराठ्यांच्या स्वारीला पापाचा भार उतरवणारी दैवी योजना मानतो, पण सामान्य माणसांचे हाल पाहून त्याच्या काव्यातली देवीच भास्कररामांवर कोपते. शत्रूचा द्वेष म्हणून ही साक्ष बाजूला सारता येत नाही, ती यामुळे.

त्याच वर्षी भास्कररामांनी काटव्याजवळ दुर्गापूजा मांडली. बंगालचा सण, मराठा सेनापती आणि वसुलीच्या पैशावरचा थाट. २७ सप्टेंबर १७४२ रोजी, नवमीच्या पहाटे, अलीवर्दीने रात्रीत नदी ओलांडून छावणीवर हल्ला केला. फौज उधळली आणि पूजा अर्धवट राहिली.

घबराट कोलकात्यापर्यंत पोहोचली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या वसाहतीतील रहिवाशांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाले. मराठे कोलकात्यापर्यंत आले नाहीत आणि खंदक अर्धाच राहिला. पुढे तो बुजवून त्या बाजूने सर्क्युलर रोड झाला. आज आचार्य जगदीशचंद्र बोस मार्ग आणि आचार्य प्रफुल्लचंद्र मार्ग या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या रस्त्यांचा उगम असा मराठ्यांच्या भीतीत आहे.

मग पेशवे रघुजींविरुद्ध का लढले?

१७४३ मध्ये रघुजी स्वतः बंगालमध्ये उतरले. त्याच वेळी दुसरी मराठा फौज बिहारमार्गे येत होती. तिचे नेतृत्व नानासाहेब पेशव्यांकडे होते आणि ती आली होती अलीवर्दीच्या मदतीला. दिल्लीच्या बादशहाने पेशव्यांना बंगालच्या संरक्षणाचे काम दिले होते. अलीवर्दीने शाहू महाराजांना चौथाई आणि पेशव्यांना मोहिमेच्या खर्चाचे २२ लाख रुपये देण्याचे कबूल केले. पेशव्यांनी पाठलाग करून रघुजींना बंगालबाहेर काढले.

साताऱ्याच्या दरबारात रघुजी आणि पेशवे यांची चुरस जुनी होती. उत्तरेत आणि पूर्वेत कोणी कुठे वसुली करायची, यावरून ती चिघळली. अखेर ऑगस्ट १७४३ मध्ये शाहू महाराजांनी दोघांना समोरासमोर बसवून क्षेत्रे वाटून दिली. बंगाल आणि ओडिशा रघुजींच्या वाट्याला आले.

याचा अलीवर्दीच्या दृष्टीने अर्थ सरळ होता. मराठ्यांना एकदा पैसे देऊन स्वारी थांबत नाही. एकाला दिले की दुसरा येतो, आणि दोघे आपसात समझोता करून पुन्हा येतात. मराठे शब्द पाळत नाहीत, ही बंगालमधली समजूत पक्की होण्यामागे हा अनुभव होता.

मनकऱ्याच्या तंबूत काय झाले?

१७४४ मध्ये भास्करराम पुन्हा आले. लढून भागत नाही हे पाहून अलीवर्दीने बोलणीचा निरोप पाठवला. सुरक्षिततेची हमी दिली गेली. ३१ मार्च १७४४ रोजी मनकरा येथील तंबूत भास्करराम आपल्या सरदारांसह गेले आणि दबा धरून बसलेल्या सैनिकांनी त्यांना कापून काढले. वीसहून अधिक सरदार एका दिवसात मारले गेले. छावणीत मागे राहिलेल्या रघुजी गायकवाडांनी उरलेली फौज कशीबशी परत आणली.

विश्वासघात झाला, ही समजूत आता नागपूरकडेही पक्की झाली. म्हणजे दोन्ही प्रांतांनी एकमेकांबद्दल तोच शिक्का तयार केला आणि प्रत्येकाकडे त्यासाठी खरा दाखला होता.

रघुजी १७४५ मध्ये स्वतः निघाले. कटकचा बाराबती किल्ला त्यांनी घेतला आणि मुर्शिदाबादच्या परिसरापर्यंत धडक दिली. पुढची काही वर्षे त्यांचे पुत्र जानोजी आणि मीर हबीब यांनी लढा चालू ठेवला. १७५१ मध्ये दोन्ही बाजू थकल्या आणि तह झाला. बंगालने चौथाईपोटी वर्षाला १२ लाख रुपये द्यायचे, ओडिशाचा वाढावा महसूल नागपूरला जायचा आणि मराठ्यांनी सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही, असे ठरले. ओडिशा प्रत्यक्षात भोसल्यांकडे आला आणि १८०३ पर्यंत राहिला.

रघुजींना या यशाचा उपभोग फार काळ घेता आला नाही. वऱ्हाड, गोंडवन, छत्तीसगड आणि ओडिशा एवढा मुलूख मागे ठेवून फेब्रुवारी १७५५ मध्ये त्यांचे निधन झाले. जानोजी, मुधोजी, साबाजी आणि बिंबाजी या चार मुलांपैकी पहिल्या दोघांत लगेच वारसाहक्काचा वाद सुरू झाला. अलीवर्दी १७५६ मध्ये वारला. त्याच्या पुढच्या वर्षी प्लासीची लढाई झाली आणि दहा वर्षांच्या स्वाऱ्यांनी खिळखिळा झालेला बंगाल कंपनीच्या हाती गेला.

‘बर्गी’ म्हणजे नेमके कोण?

मराठा घोडदळात मुख्यतः दोन प्रकार होते. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. सरकारने किंवा सरदाराने घोडा पुरवलेला तो बारगीर. बारगीर हा पगारी स्वार, फौजेतील सर्वात साधा माणूस. महाराष्ट्रात या शब्दाला काही वाईट अर्थ नाही. बारगीर हे आडनावही आपल्याकडे आहे.

बंगालमध्ये याच शब्दाचे ‘बर्गी’ झाले आणि अर्थ झाला लुटारू. एका प्रसिद्ध अंगाईगीतात बर्गी देशात आल्याचा उल्लेख आहे आणि पाठोपाठ सारा कसा भरायचा, ही शेतकऱ्याच्या घरातली चिंता आहे. फौजा आल्या तरी नवाबाची वसुली थांबत नव्हती, हे त्यातून कळते. बंगालचा शेतकरी दोन्ही बाजूंनी भरडला जात होता.

एका नोकरीच्या हुद्द्याचे असे प्रांताच्या स्वभावात रूपांतर झाले. प्रादेशिक शिक्के बहुधा असेच तयार होतात. काही हजार स्वारांनी, ठरावीक वर्षांत, ठरावीक आदेशाने केलेली गोष्ट आधी सगळ्या फौजेची होते, मग सगळ्या मुलखाची आणि शेवटी रक्ताची. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलमध्ये राहिलेल्या कोणालाही हा प्रकार परका नाही. विदर्भातला म्हणजे आळशी, बिहारचा म्हणजे अमुक, बंगाली म्हणजे तमुक, हे पहिल्याच सेमिस्टरला ठरलेले असते. प्रस्तुत लेखकालाही त्या दिवसांत एका बंगाली मित्राने हसत हसत बर्गी म्हटले होते. तेव्हा अर्थ माहीत नव्हता, म्हणून हसण्यात सामील झालो. अर्थ कळल्यावर राग येण्यापेक्षा प्रश्न पडला की बारावीपर्यंतच्या इतिहासात हा भाग आपल्या वाचनात का आला नाही?

शिक्का खोटा आहे, हे म्हणणे सोपे. पण तो खोडायचा तर त्यामागची घटना नाकारून चालत नाही. बंगालमधील गावे जळाली, हे खरे. त्यावरून आजचा मराठी माणूस कसा आहे हे ठरत नाही, हेही तितकेच खरे.

ओडिशात रघुजींची आठवण कशी आहे?

ओडिशातली आठवण मिश्र आहे. इथे मराठे लुटून निघून गेले नाहीत, त्यांनी सुमारे अर्धशतक राज्य केले. पुरीच्या जगन्नाथ मंदिराच्या व्यवस्थेकडे त्यांनी लक्ष दिले आणि यात्रेला उत्तेजन दिले. मंदिराच्या सिंहद्वारासमोर आज जो अरुण स्तंभ दिसतो, तो याच काळात कोणार्कहून तिथे आणून उभारला गेला. दुसरीकडे कडक महसूल वसुली आणि स्वाऱ्यांची दहशत यांच्याही आठवणी आहेत. आधुनिक ओडिया गद्याचे जनक मानले जाणारे फकीरमोहन सेनापती यांची ‘लछमा’ ही कादंबरी याच मराठा स्वाऱ्यांच्या पार्श्वभूमीवर घडते.

तलवार इथे, तोफ तिथे

पश्चिम बंगालमधील विष्णुपूरला दलमादल नावाची सुमारे साडेबारा फूट लांबीची तोफ आहे. भास्कररामांच्या फौजेने शहरावर चाल केली, तेव्हा मल्ल राजांचे दैवत मदनमोहन याने स्वतः ही तोफ डागली, अशी तिथली श्रद्धा. पर्यटक तिच्यासमोर फोटो काढतात, वाटाडे गोष्ट सांगतात. विष्णुपूरकरांसाठी ती तोफ म्हणजे देवाने गाव वाचवल्याची खूण.

मुंबईत आलेली तलवार आणि विष्णुपूरची तोफ या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींना वारसा म्हणण्याचा त्या त्या लोकांना अधिकार आहे. प्रश्न येतो तो वस्तूशेजारच्या पाटीवर काय लिहायचे, तेव्हा. फक्त अटकेपार आणि कटकपर्यंतचा पराक्रम लिहिला, तर बंगालहून आलेल्या पर्यटकाला आपली गावे त्यात दिसणार नाहीत. फक्त लूट लिहिली, तर साध्या स्वारापासून वर चढत चार प्रांतांचा कारभार उभा करणारा माणूस त्यात हरवेल.

तलवार परत आणण्यामागेही लुटीचाच इतिहास आहे. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकरांचा पराभव झाला. १८५४ मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केले. त्यानंतर भोसल्यांच्या राजवाड्यातील जडजवाहीर काढून विक्रीसाठी पाठवले गेले ते कोलकात्याला. ज्या शहराने शंभर वर्षांपूर्वी नागपूरच्या फौजेच्या भीतीने खंदक खणला, तिथेच नागपूरच्या राण्यांचे दागिने लिलावात निघाले. आपली वस्तू नेली गेल्याचे दुःख नागपूरला माहीत आहे. तेच दुःख काटवा आणि बर्दवानच्या गावांचे होते, हे समजायला म्हणून नागपूरला अवघड जाऊ नये.

दोन प्रांतांनी हे अंतर पूर्वी कमी केले आहे का?

केले आहे. देवघरजवळच्या करौं गावात मराठी कुटुंबात जन्मलेले सखाराम गणेश देऊस्कर (१८६९-१९१२) हे बंगाली भाषेतील नावाजलेले लेखक झाले. १९०४ मध्ये त्यांचे ‘देशेर कथा’ हे इंग्रजी राजवटीतील आर्थिक शोषणावरचे पुस्तक आले आणि पुढे सरकारने त्यावर बंदी घातली. बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजवण्यात देऊस्करांचा मोठा वाटा होता. त्यांच्याच पुस्तिकेसाठी रवींद्रनाथ ठाकूर यांनी त्या वर्षी शिवाजी महाराजांवर दीर्घ कविता लिहिली. बर्गींच्या भीतीवर वाढलेल्या प्रांताने मराठी इतिहासाकडे नव्याने पाहिल्याचा तो दाखला.

दुसरे उदाहरण दोन इतिहासकारांचे. जदुनाथ सरकार बंगाली, तर रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई मराठी. सरकार यांनी शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले आणि बर्गींच्या स्वाऱ्यांवरही कठोर शब्दांत लिहिले. सरदेसाईंनी मराठी कागदपत्रांच्या आधारे रघुजी आणि पेशवे यांची बाजू मांडली. दोघांची मते अनेकदा जुळत नसत. तरीही त्यांची मैत्री काही दशके टिकली. दोघांमध्ये असंख्य पत्रे गेली-आली आणि पुणे रेसिडेन्सीच्या पत्रव्यवहाराचे खंड दोघांच्या देखरेखीखाली छापले गेले. सरकार सरदेसाईंच्या कामशेतच्या घरी येऊन राहत आणि कामाचा विषय अनेकदा तोच असे, ज्यावर त्यांच्या प्रांतांचे एकमत नव्हते.

रघुजींच्या तलवारीशेजारी पाटी लिहिणाऱ्यांनी या दोघांची पुस्तके शेजारी ठेवावीत. मजकूर थोडा लांबेल. पण काटव्याहून आलेला पाहुणा आणि महालातून आलेला नागपूरकर, दोघेही तो शेवटपर्यंत वाचू शकतील.